दंडावरची खूण

डाव्या दंडावरच्या खड्ड्यावर बोट ठेवून दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, "लहानपणी भाजलं होतं का?" म्हटलं, बीसीजी, क्षयरोगाची लस. तिला काही उमगलं नाही. आपण सगळे दंडावर वागवतो ती खूण इथे अपघात ठरते!

अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी कराव्या लागणाऱ्या मेडिकलची ही गोष्ट. त्यासाठी इमिग्रेशन खात्याने नेमलेला 'सिव्हिल सर्जन' लागतो. हे ऐकून मला जिल्हा रुग्णालयातला दरारा आठवला. प्रत्यक्षात दोन खोल्यांत बसणारे साधे फॅमिली डॉक्टर निघाले. त्यांची फी सरकार ठरवत नाही, त्यामुळे चार ठिकाणी फोन केले तर चार वेगळे आकडे.

फॉर्मचं नाव आय-६९३, आणि त्यातला लसींचा तक्ता म्हणजे माझी डोकेदुखी. आईने लसीकरण कार्डाचा फोटो पाठवला. ट्रिपल, पोलिओ, गोवर, सगळ्यांच्या तारखा. पण इथे हवी एमएमआर. गोवरासोबत गालगुंड आणि रुबेलाही. आपल्या सरकारी लसीकरणात १९८५ पासून आली ती नुसती गोवराची. म्हणजे मी एक तृतीयांश पास. कांजिण्यांचा व्रण तर कपाळावरच आहे. डॉक्टर म्हणाले, रक्तात अँटीबॉडी दिसू दे. दिसल्या. आणि ज्या बीसीजीची तारीख कार्डावर सगळ्यात ठळक, ती या तक्त्यात नाहीच!

मी तयारीची बाई. म्हणून आठवडाभर आधीच फार्मसीत जाऊन एमएमआर टोचून घेतली होती. तीच नडली. क्षयरोगासाठी इथे इग्रा नावाची रक्ततपासणी करतात, आणि एमएमआर ही जिवंत लस. रक्त लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी द्यायचं; नाहीतर चार ते सहा आठवडे थांबायचं. मी थांबले. (हे अपॉइंटमेंट देताना फोनवर कोणी सांगितलं असतं तर? मी तरी कसं ओळखणार होते?)

इग्राबद्दल तक्रार नाही खरं तर. हातावर सुई टोचून करायची जुनी चाचणी बीसीजीमुळे उगाच पॉझिटिव्ह यायची, हिला बीसीजीने फरक पडत नाही. तरी क्षयरोगाचा प्रश्न आला की मी ताठ होतेच. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, ठाऊक आहे मला. पण नऊ वर्षं मी यांचीच हवा खाते आहे. दोन वर्षांवरच्या प्रत्येकाची, कुठल्याही देशाच्या अर्जदाराची, हीच तपासणी होते हे कळल्यावर जरा निवळले.

आईला फोनवर सगळ्या तपासण्या सांगितल्या. सिफिलिस या गुप्तरोगाची तेवढी गाळली. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या सगळ्यांची करतात, पण एवढा खुलासा करणार कोण!

काल पाकीट मिळालं. सीलबंद. आपल्याच तब्येतीचा कागद, पण फोडला की बाद. स्वतःसाठी प्रत मात्र मागून घ्या, मी घेतली. २ डिसेंबर २०२४ पासून हा फॉर्म ग्रीन कार्डाच्या मूळ अर्जासोबतच जोडावा लागतो, आणि आता अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला तर हे मेडिकलही फुकट.

रात्री आईने विचारलं, "बीसीजीची तारीख नीट लिहिली ना गं त्यांनी?"

मी हो म्हटलं.