जोडवी, चौथी खेप: सांधा धरला एकदाचा

मी घरीच चांदीची जोडवी करतोय. मागच्या खेपेला सांधा सुटलेली तीन जोडवी दाखवली, तेव्हा बऱ्याच जणांनी ज्योत कमी पडतेय म्हणून सांगितलं. ज्योत कमी होतीच. पण तिच्यामुळं नेमकं काय बिघडतंय ते मला कळत नव्हतं. मी आपला दर वेळी सवागीचा थर वाढवत होतो.

सवागी म्हणजे टाकणखार, बोरॅक्स, तापवायच्या आधी सांध्याला लावतात तो. इथं बेळगावात दुकानात टाकणखार मागितला तर पोरगा नुसता बघत राहिला, ‘बिळिगार’ म्हटल्यावर लगेच पुडी बांधली. टाकणखारासाठीचा इंग्रजीतला ‘टिंकल’ हा शब्दही आपल्या संस्कृतातल्या ‘टंकण’वरनंच गेलाय.

गेल्या रविवारी इथल्याच शहापुरातल्या एका जुन्या सोनारमामांकडं सगळं सामान घेऊन गेलो. त्यांनी मला एक सांधा करायला लावला आणि बाजूला बसून राहिले. मी डोळे लावून सोल्डरचा, म्हणजे वितळून सांधा जोडणाऱ्या धातूचा, तुकडा कधी वितळतोय ते बघत होतो. मामा म्हणाले, “तू डागाकडं (म्हणजे सोल्डरकडं) बघायलास. सवागीकडं बघ की!”

मग बघितलं. सहाणेवर उगाळून दुधासारखी केलेली सवागी आधी खदखदते, मग पांढरी फुलून येते. आजीच्या बटव्यात टाकणखाराची लाही असायची ना, तीच. माझे सोल्डरचे तुकडे ह्याच वेळी उडून पडायचे आणि मी चिमट्याला शिव्या घालायचो. सुरुवातीला ज्योत लांबनं फिरवून पाणी सावकाश जाऊ दिलं की लाही बसते, चिकट होते आणि तुकड्याला धरून ठेवते. त्यानंतर ७४० अंश सेल्सिअसच्या आसपास ती काचेसारखी पातळ, ओली दिसायला लागते. थर्मामीटर लागतच नाही. काच पळायला लागली की सोल्डरची वेळ जवळ आली.

आता माझी खरी चूक. ९२५ चांदीत, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या धातूत, साडेसात टक्के तांबं असतं. तापवलं की ह्या तांब्याची काळी साय वर येते, आणि तेलकट ताटावर पाणी जसं गोळा होऊन राहतं तसं सोल्डर त्या सायीवर गोळी होऊन बसतं. वितळलेली सवागी ती साय स्वतःत विरघळवून घेते आणि वरनं हवाही लागू देत नाही. पण चहात साखर तरी किती विरघळणार? माझी ज्योत बारकी, जोडवं तापायला तीन-चार मिनिटं. तोवर सवागीचं पोट भरलेलं, तिची गडद हिरवी काच झालेली, आणि तिच्याखाली सांधा पुन्हा काळा. मामांनी मोठ्या मऊ ज्योतीनं अख्खं जोडवं तापवलं, एक मिनिटही लागलं नाही. सोल्डर उष्णतेमागं धावतं, म्हणून शेवटी ज्योत तुकड्यावर न धरता पलीकडच्या बाजूनं धरली. चकाकती रेघ सर्रकन सांध्यातनं गेली.

दुसरी चूक माझ्या आळसाची. ‘इझी’ सोल्डर म्हणजे सोपं, असं समजून तेच आणलं होतं. ते ७०० च्या आसपासच पळतं, तेव्हा नुसती सवागी अजून नीट पातळही झालेली नसते. असल्या सोल्डरला सवागीच्या जागी लावायचं फ्लोराइडचं फ्लक्स मिळतं, खालच्या तापमानावर काम करतं, पण त्याचा धूर वाईट. मी घराच्या बंद व्हरांड्यात बसतो, त्यामुळं ते नकोच. कॅडमियमचं सोल्डर तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. हार्ड सोल्डर ७८० च्या आसपास चालतं आणि सवागीशी त्याचं जमतं. मात्र ९२५ चांदी स्वतःच ८०० च्या जरा वर गेली की मऊ पडायला लागते. मधली फट वीसेक अंशांची. ह्या फटीत एक जोडवं गेलं, त्याची आता सुपारी झालीय.

पॉलिश केल्यावर जांभळट डाग निघतात त्यावर कॅरमची पावडर लागू पडली. पाकिटावर बोरिक लिहिलंय ना ते बघून घ्या. स्पिरिटमध्ये कालवायची, जोडवं बुडवायचं, बाटली घट्ट बंद करून लांब ठेवायची आणि मगच पेटवायचं. हिरवी ज्योत विझली की पांढरा थर राहतो, त्यावर सांध्यापुरती सवागी. डाग पूर्ण गेले नाहीत, पण निम्म्याहून कमी झाले.

सवागीची काच काढायला तुरटीचं गरम पाणी वापरलं. त्यात लोखंडी चिमटा घातला आणि जोडवं गुलाबी होऊन बाहेर आलं! पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडामुळं चांदीवर बसतं. आता तांब्याच्या तारेचा आकडा केलाय.

जोडी तयार आहे. बायकोनं बोटानं चाचपून बघितलं, सांधा सापडला नाही. डाव्या पायातलं सैल होतंय म्हणाली, ते कापून परत सांधायचंय.