ब्रेकवरचा हात

ते रेल्वेचं इंजिन चालवायचे. रूळ ओलांडणारा एक माणूस त्यांच्या गाडीखाली आला, त्याला काही महिने झाले होते. चौकशीत त्यांचा दोष नाही असं स्पष्ट झालं होतं. तरीही हॉर्न कानावर पडला की त्यांचा हात आपोआप आवळला जायचा, झोपेत तोच चेहरा वर बघायचा, आणि इंजिनात चढणं तर थांबलंच होतं.

त्यांच्यासाठी आम्ही थेरपिस्टांनी निवडलेली पद्धत म्हणजे ईएमडीआर: आघाताची आठवण मनात धरून डोळे हलवत करायचा मानसोपचार. फ्रान्सिन शपिरो यांनी 1987 मध्ये ती मांडायला सुरुवात केली आणि 1989 मध्ये त्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. आघातानंतरच्या मनोविकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 मध्ये तिची शिफारस केली. बाहेरून बघणाऱ्याला फक्त थेरपिस्टची हलणारी बोटं दिसतात. पण उपचाराचे टप्पे आठ आहेत आणि त्या आठवणीवर बोटं हलतात ती थेट चौथ्या टप्प्यात.

त्या आधीच्या भेटींमध्ये पूर्वेतिहास घेतला होता. फिट्स येतात का, डोळ्यांचा काही त्रास आहे का, ताण आला की भान सुटतं का, हे विचारलं होतं. भान सुटत असेल तर आठवणीला हात घालण्याआधी बरीच जास्त तयारी लागते. मन शांत होईल अशी एक जागा डोळ्यांपुढे आणण्याचा सराव झाला होता. नको वाटलं तर तळहात वर करायचा, ही खूण ठरली होती. ही खूण नुसती सांगून भागत नाही, एकदा करून घ्यावी लागते. भीतीत माणसाला शब्द सापडत नाहीत.

त्या दिवशी सुरुवात आठवणीच्या मोजमापाने झाली. सर्वांत वाईट क्षणाचं चित्र कोणतं? काचेपलीकडचा चेहरा. त्या चित्रासोबत स्वतःबद्दल काय वाटतं? ते म्हणाले, "माणूस मेला." ही घटना झाली, समजूत नव्हे, आणि घटना काही बदलत नाही. पुन्हा विचारल्यावर खरं वाक्य आलं: "मी दोषी आहे." त्याऐवजी काय वाटायला हवं? "मला शक्य होतं ते मी केलं." हे वाक्य आतून किती खरं वाटतं, 1 ते 7 मध्ये? 2. त्रास किती, 0 ते 10 मध्ये? 9. शरीरात कुठे? छाती आणि मनगट.

खुर्च्या थोड्या तिरप्या, एकमेकींच्या बाजूने पुढे गेलेल्या. दोन बोटं त्यांच्या चेहऱ्यापासून साधारण 30 ते 35 सेंटीमीटरवर. मान स्थिर, फक्त डोळे डावीकडून उजवीकडे आणि परत. अशा साधारण 24 फेऱ्यांचा एक सेट. मग, "सोडून द्या. श्वास घ्या. आता काय येतंय?" उत्तर काहीही असो, त्याचा अर्थ लावत बसायचं नाही. "त्याच्याबरोबर राहा," एवढंच म्हणायचं आणि पुढचा सेट.

मधल्या एका सेटमध्ये त्यांचा हात जोरात मागे ओढला गेला, रडू फुटलं. इथे नवखा थेरपिस्ट घाबरून थांबतो आणि माणूस नेमका सर्वांत वाईट जागी अडकून राहतो. तळहात वर झालेला नसेल तर लाट ओसरेपर्यंत बोटं चालू ठेवायची. आवाज मात्र शांत हवा: "हे तेव्हाचं आहे. तुम्ही इथे आहात. जाऊ द्या."

त्रास 6 वर आला आणि तिथेच अडला. सेटमागून सेट तेच वाक्य: "मी थांबवायला हवी होती." आधी दिशा बदलली, डोळे तिरपे फिरवले. मग वेग बदलला, मग लक्ष मनगटावर नेलं. हललं नाही. अशा वेळी मोजका हस्तक्षेप करावा लागतो. "तुमचा दोष नाही" हे सांगून काही होत नाही, ते चौकशीनेही सांगितलं होतं. उत्तर त्यांच्याच ज्ञानातून यायला हवं. म्हणून विचारलं, "त्या वेगात इमर्जन्सी ब्रेक लावला की गाडी किती अंतरावर थांबते?" ते लगेच म्हणाले, "सातशे-आठशे मीटर." "आणि तो माणूस किती लांब होता?" बराच वेळ गेला. "दोनशेही नसेल." "त्याच्याबरोबर राहा." तिथून गाडं पुढे सरकलं.

डोळ्यांच्या हालचालीने नेमकं काय होतं यावर अजून मतभेद आहेत. सर्वांत जास्त पुरावा असलेलं स्पष्टीकरण असं: कार्यकारी स्मृतीची, म्हणजे या क्षणी मनात धरलेल्या गोष्टी सांभाळणाऱ्या स्मृतीची, क्षमता मर्यादित असते. चित्र मनात धरायचं आणि बोटांमागेही जायचं, ही दोन कामं त्याच जागेसाठी झगडतात. चित्राची धार कमी होते आणि ते तसंच बोथट होऊन पुन्हा साठवलं जातं.

शेवटी त्रास 1 वर आला. 0 चा आग्रह धरला नाही. एक माणूस गेला, त्याचं दुःख उरणारच आणि ते निरोगी आहे. मग "मला शक्य होतं ते मी केलं" हे वाक्य त्याच चित्राशी जोडून सेट घेतले, ते 7 वर पोचलं. डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासताना मनगटात थोडा ताण सापडला, त्यावर आणखी एक सेट लागला.

दीड तासाच्या सेशनमधली शेवटची 10-15 मिनिटं राखून ठेवावीच लागतात. काम अर्धवट राहिलं तरी माणूस शांत होऊन बाहेर पडला पाहिजे. पुढचे काही दिवस स्वप्नं आणि जुन्या आठवणी येऊ शकतात, त्या एका ओळीत टिपून आणायला सांगितलं. व्हिडिओ लावून हे घरी एकट्याने करू नका, असंही बजावलं. आठवण उघडते, पण ती बंद करायला जवळ कुणी नसतं.

पुढच्या भेटीत त्या चेहऱ्याच्या आठवणीचा त्रास 1 वरच टिकलेला होता. हॉर्नचा मात्र 4 निघाला. भूतकाळ निवला तरी आजचे इशारे वेगळे हाताळावे लागतात, म्हणून पुढचं काम हॉर्नवर घेतलं. त्यानंतर इंजिनात चढण्यापासून पहिला सिग्नल ओलांडण्यापर्यंतचा प्रसंग त्यांनी मनात चालवून पाहायचा, जिथे अडेल तिथे सेट घ्यायचा, असं ठरलं.