तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मेकअप’ असताना ‘माकियाज’ कशाला?

मी फ्रेंच शिकवते हे कळलं की पार्लर चालवणाऱ्या, नवऱ्या सजवणाऱ्या मैत्रिणी हमखास विचारतात, इंग्रजीत कुठेकुठे ‘माकियाज’ असं लिहिलेलं दिसतं, ते मेकअपपेक्षा काही वरच्या दर्जाचं असतं का गं?

छे! फ्रान्समध्ये हा अगदी रोजच्या वापरातला शब्द. कॉलेजला पळता पळता लिपस्टिक फिरवणारी मुलगीही माकियाजच करते. रात्री चेहरा पुसायच्या बाटलीवर ‘देमाकियाँ’ छापलेलं असतं. भपका आला तो इंग्रजीत गेल्यावर. ‘मेकअप’ हा घरचा शब्द हाताशी असूनही इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पाहुणा आणला. आजही ते तो जपूनच वापरतात, बऱ्याचदा तिरप्या टायपात. साध्या पावडर-काजळाला कुणी माकियाज म्हणत नाही. नटीचा घडवलेला चेहरा असेल, नाहीतर लेखकाला जरा नाक मुरडायचं असेल, तेव्हा तो बाहेर येतो.

गंमत अशी की या खानदानी पाहुण्याचं मूळ गाव चोरांच्या आळीत आहे. ‘माकिये’ हे क्रियापद आधी फ्रेंच भामट्यांच्या बोलीत होतं आणि त्याचा अर्थ नुसता ‘काम करणे’. कसलं काम, ते ओळखा! पुढे पत्त्यांवर खुणा करून डाव लुबाडणं हाही त्याचा अर्थ झाला. एकोणिसाव्या शतकात तो नाटकवाल्यांच्या तोंडी बसला आणि तिथून चेहऱ्यावर आला. पण जुनी संगत सुटलेली नाही. चोरीच्या गाडीची नंबरप्लेट बदलली की ती गाडी ‘माकिये’ केलेली. आपल्या बातम्यांत ‘खून करून आत्महत्येचा बनाव’ असं येतं ना, तिथे फ्रेंच वार्ताहर हेच क्रियापद वापरतो. इंग्रजीने अत्तर तेवढं उचललं, भामटेगिरी तिकडेच ठेवली.

फ्रेंच कवी बोदलेरने 1863 साली माकियाजची उघड तरफदारी केली तीही याच बनावाच्या मुद्द्यावर. रंगरंगोटीने निसर्गाची नक्कल करू नये, ती लपवूही नये, कृत्रिम आहे तर कृत्रिम दिसू दे, असं त्याचं म्हणणं. मेकअप केलाय हे कळूच नये म्हणून तासभर मेकअप करणाऱ्या आजच्या पिढीला हे कसं पटायचं? मला पटतं.

आता खरी मेख. बहुतेक कोशकार ‘माकिये’चं मूळ उत्तर फ्रान्सच्या पिकार्ड बोलीत आणि तिथून जुन्या डचमधल्या ‘माकेन’पर्यंत नेतात. माकेन म्हणजे करणे, बनवणे. इंग्रजी ‘मेक’ त्याच जर्मानिक कुळातला. म्हणजे मेकअप आणि माकियाज ही लांबची भावंडंच. इंग्रजांनी पाहुणा समजून पाट मांडला तो आपल्याच भाऊबंदाला.

तेव्हा एखाद्या पार्लरने ‘माकियाज’ म्हणून जास्त पैसे सांगितले तर खुशाल घासाघीस करा. तिकडे पॅरिसमध्ये 1984 साली रंगभूषाकार दानी सांझने स्वतःची कंपनी काढली तेव्हा तिला नाव कोणतं दिलं माहितीये? ‘मेक अप फॉर एव्हर’. चक्क इंग्रजी.