सातबाऱ्यावरची चार नावं आणि दोघांमधलं अंतर : एपिसोड 4 ते 9 ची कामनोंद

मालिका तीच, मृणाल आणि दिगंबरची प्रेमकथा. दहा एपिसोड, प्रत्येकी 22 मिनिटांच्या आसपास, गाव देवगड तालुक्यातलं, खाडीकाठचं. गणपतीतले पहिले तीन एपिसोड मागच्या नोंदीत पक्के झाले होते. आता चार ते नऊची पटकथा आणि संवाद दोन्ही उतरलेत, दहावा अर्ध्यावर आहे. आधीची नोंद न वाचलेल्यांसाठी मांडणी थोडक्यात.

मृणाल, वय 34, डोंबिवलीला नोकरी. दिगंबर, वय 38, गावातल्या बागा कराराने घेणारा. मृणालच्या घरची हापूसची 120 कलमं तोच करतो, दरवर्षी नव्याने, तोंडी. सातबाऱ्यावर चार नावं: मृणाल, मोठा भाऊ सतीश, आई आणि विधवा काकी. सतीशला बँकेचं कर्ज काढून कॅनिंग, म्हणजे आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना टाकायचाय. आई आणि काकी कर्जाला संमती देतायत, मृणालकडून मात्र त्याला हक्कसोडपत्रच हवंय, म्हणजे तिने आपला वाटा लेखी सोडून द्यायचा. ते झालं की दिगंबरला पाच वर्षांचा लेखी करार देईन, असा त्याचा शब्द आहे.

म्हणजे मृणालने सही केली तर दिगंबरचं पोट चालतं, आणि तिचं गावाला यायचं कारण संपतं. दिगंबरला जे हवंय त्यानेच ती जाणार. हे दोघांनाही दुसऱ्या एपिसोडपासून माहीत आहे, आणि सगळा ताण इथूनच काढायचा असं ठरलंय. मुलींच्या समान हक्काचा कायदा 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे, शिवाय मृणालचं नाव वारस म्हणून आधीच लागलेलं आहे. त्यामुळे मालिकेत हक्काचा वाद ठेवलेलाच नाही. कोर्ट आलं की प्रेक्षक निकालाची वाट बघतो, माणसांची नाही.

चिठ्ठ्यांची पद्धत बदललेली नाही. प्रत्येक सीनला एक चिठ्ठी आणि तिच्यावर चार ओळी. पात्राला या सीनमध्ये काय हवं, कोणाकडून हवं, नाही मिळालं तर काय जाणार, आणि ते काय लपवतंय. तिसरी ओळ कोरी असेल तर संवाद लिहायला घ्यायचे नाहीत. पहिल्या ओळीत ‘तिचं प्रेम हवंय’ असं लिहिलेलं चालत नाही, कारण ते नटाला करून दाखवता येत नाही. ‘तिने उद्याची कोकणकन्या सोडून द्यावी’ हे चालतं. एका एपिसोडमध्ये आठ-नऊ सीन बसतात. त्यात दोघं एकटे असलेले सीन जास्तीत जास्त दोन. तिसरा घातला की पहिल्या दोघांची किंमत उतरते, हे वाचनात लगेच कळतं.

दुसरी चाळणी पाच मिनिटांची. दोघांना समोरासमोर बसवून पाच मिनिटं खरं बोलू दिलं तर अडथळा सुटतो का? सुटत असेल तर तो अडथळा टाकायचा. अर्धवट ऐकलेला फोन, भलत्याच्याच हातात पडलेली चिठ्ठी, चुकीच्या वेळी दारात उभी राहिलेली मामेबहीण, हे सगळं या चाळणीत गळलं. रोजच्या मालिकेत असले ट्रॅक खपतात, कारण तिथे आठवडा भरायचा असतो. दहा एपिसोडच्या गोष्टीत प्रेक्षक ते तिसऱ्यातच ओळखतो आणि मग दोघांना मूर्ख समजतो. दिगंबरसाठी सुचवलेली ‘दुसरी मुलगी’ही याच कारणाने गेली. ती आली की मृणालचा प्रश्न ‘सही करू का’ यावरून ‘ती कोण’ यावर घसरतो.

एपिसोड 4 बद्दल फार काही नाही. दिवाळीनंतरचा आहे, पाया आहे, जागच्या जागी ठेवलाय.

खरं काम पाचव्यात निघालं. जानेवारी, झाडं मोहरावर. इथे दोघांचं पहिलं मोठं भांडण हवं होतं, आणि ते कल्टारवरून लावलंय. बागायतदारांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, हापूसला नेमाने मोहर यावा म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती जमिनीत देतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस 15 जुलै ते 15 ऑगस्टची, आणि मात्रा झाडाच्या विस्तारावर: विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 0.75 ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे 25 टक्क्यांचं कल्टार 3 मिली. त्यामुळे जानेवारीत कोणी झाडाला कल्टार ओतताना दाखवला तर देवगडातला प्रेक्षक तिथेच मालिका सोडेल. भांडण जानेवारीतलं, कृत्य ऑगस्टमधलं, आणि मध्ये पुरावा.

पुरावा हिशेबाच्या वहीत ठेवलाय. 120 झाडं, सरासरी विस्तार 8 मीटर. झाडाला 24 मिली, एकूण 2,880 मिली, म्हणजे तीन लिटर पुरे. वहीत खरेदी पाच लिटरची. पाच लिटर 120 झाडांना वाटलं तर झाडामागे 40 मिलीच्या वर जातं. मृणाल हा भागाकार मोबाइलवर करते आणि आकडा काही न बोलता दिगंबरसमोर धरते. सीनमध्ये ‘तुम्ही फसवलंत’ हे वाक्य नाही, गरज पडली नाही. जास्त मात्रा दरवर्षी दिली आणि खत त्या प्रमाणात घातलं नाही, तर पालवी आखूड येते आणि झाड थकतं. हे काकीच्या तोंडी एका वाक्यात येतं, कारण काकीने ती कलमं लावलेली आहेत.

दिगंबरचा हेतू इथे उघडा पडतो, आणि तो पटण्यासारखा आहे. करार एका वर्षाचा, पैसे आगाऊ दिलेले, फवारणीचा आणि राखणीचा खर्च त्याचा. पुढच्या वर्षी बाग दुसऱ्याला गेली तर झाडाची काळजी त्याने कशासाठी घ्यायची? त्याचं उत्तर दीड ओळीचं आहे: ‘पाच वर्षं लिहून द्या, मग मात्रा तुम्ही ठरवा.’ आणि पाच वर्षं लिहून मिळायची तर तिची सही हवी. तिचा राग खरा, त्याचं कारण खरं, आणि तोडगा दोघांना नको तिथेच जाऊन बसलेला. या सीनवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला.

सहाव्याचा मुख्य भाग शिमग्यातला. पालखी घरी येते तेव्हा घरचे सगळे आणि दिगंबर एका चौकटीत येतात. इथे अंतराची पट्टी वापरलीय. घराच्या कोणत्या भागापर्यंत दिगंबर येतो, हे एपिसोडवार ठरवून टाकलंय: पहिल्यात खळ्यात (घरापुढच्या अंगणात), चौथ्यात पडवीत, सहाव्यात ओटीवर, आठव्यात माजघराच्या उंबऱ्यापाशी. आत तो एकदाही येत नाही. फायदा दुहेरी. जवळीक वाढतेय हे संवादात सांगावं लागत नाही, आणि त्याला मागे ढकलायचं असलं की नुसतं खळ्यात उभं करता येतं. पाचव्यातल्या भांडणानंतर तो पुन्हा खळ्यातच उभा असतो, पायरी चढत नाही. वाचनाच्या वेळी सीनचं ठिकाण मोठ्याने वाचायचं राहिलं तर हा परिणाम पूर्ण जातो, हे लक्षात ठेवा.

बोलण्याचीही अशीच पट्टी आहे. दिगंबर गावात मालवणी बोलतो, मृणालशी शाळेतली मराठी आणि ‘तुम्ही’. सहाव्याच्या शेवटी तो तिच्याशी पहिल्यांदा मालवणीत बोलतो, पण ‘तुम्ही’ ठेवून: ‘बाग तुमची, पण झाडां माका वळाखतत’ (झाडं मला ओळखतात). नवव्यात तेच वाक्य ‘बाग तुझी’ असं येतं. बदल इतकाच, त्यावर मृणालची प्रतिक्रिया लिहिलेली नाही, पार्श्वसंगीताची सूचनाही नाही. दोन्ही बदल एकाच सीनमध्ये करू नका. भाषा आणि ‘तू’ एकदम आले तर कुठलाच ऐकू येत नाही. मृणालला मालवणी कळते पण ती उत्तर मराठीतच देते, कारण इतकी वर्षं तिकडे काढलेल्या माणसाची जीभ अशीच वळते. काकी मात्र पहिल्यापासून दोघांनाही ‘तू’च म्हणते, तिला पट्टी लागू नाही.

अवांतर, पण कोकणातली प्रेमकथा लिहिणाऱ्या सगळ्यांसाठी: नायक-नायिका एकाच वाडीतले आणि एकाच आडनावाचे ठेवू नका. ती बहुतेक वेळा भावकी निघते आणि मग प्रेक्षकाला ताण वाटत नाही, किळस वाटते. दिगंबर खाडीपलीकडच्या वाडीतला केलाय. शिवाय त्यामुळे त्याला रोज तरीतून यावं लागतं आणि भरती-ओहोटीचं कारण फुकट मिळतं.

सातव्यात फारसं घडत नाही, आणि तो तसाच राहणार. त्यात थ्रिप्स (मोहरावरची फुलकिडे) पडतात, फवारणी वाढते, पैसा संपतो. दोघांचा एकांताचा सीन एकही नाही. सगळे भेटतात ते फक्त पैशासाठी. वाचनात काहींना तो कोरडा वाटला, पण आठव्यातली सही याच कोरडेपणावर उभी आहे.

आठवा सतीशचा. इथपर्यंत तो खलनायकाकडे झुकत होता. दुरुस्ती अशी की त्याला एक भीती दिली: कूळ लागण्याची. 1948 च्या कूळकायद्याने कोकणात कित्येक घरांच्या जमिनी कसणाऱ्याच्या नावावर गेल्या. मालकांच्या घरात ती धास्ती अजून आहे, म्हणून बाग देतानाही ‘यंदाची फळं विकली’ एवढंच तोंडी ठरतं. सतीशने पाच वर्षांचा शब्द मनापासून दिलाय, पण लिहायची वेळ आली की त्याचा हात थांबतो. तो खोटारडा नाही, घाबरलेला आहे. मृणाल सही करून घरी येते त्याच संध्याकाळी दिगंबरला हे कळतं. म्हणजे तिने दिलं, आणि त्याला मिळालं नाही. हे तिला सांगायचं की नाही, हा त्याचा नवव्यापर्यंतचा प्रश्न. सांगितलं तर आपण करारासाठीच जवळ आलो असं दिसेल, नाही सांगितलं तर ती फुकटच नाव सोडून बसेल. पाच मिनिटांच्या चाळणीतून हे पार होतं, कारण खरं बोलूनही काही सुटत नाही.

नववा एपिसोड फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीच्या मुदतीवर बांधलाय. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला म्हणजे सातबारा लगेच बदलत नाही. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं. एक गोष्ट चुकवू नका: हरकतीने नोंदलेला दस्त रद्द होत नाही, फक्त फेरफार अडतो. ‘मी हरकत घेतली, आता जमीन माझी’ असा संवाद लिहिलात तर गावातली निम्मी मंडळी हसतील.

हे 15 दिवस एप्रिलमधले, ऐन काढणीचे. मृणाल रजा टाकून थांबते, कारण विचारलं तर ‘पेट्या भरायला माणूस कमी आहे’. काढणी नूतन झेल्याने (आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीने), देठ ठेवून, कारण देठ तुटला की चीक उडतो, फळाला डाग पडतो आणि माणसाच्या कातडीला भाजतं. तिच्या मनगटावर चीक उडतो आणि दिगंबर तिचा हात धरून पाण्याच्या पिंपाकडे नेतो. दहा एपिसोडमधला हा एकमेव स्पर्श, आणि त्याला कामाचं कारण आहे. कारण नसलेला स्पर्श वाचनात दोनदा वाईट पडला होता: एकदा पावसात घसरणं, एकदा एकाच वेळी पेटी उचलायला वाकणं. दोन्ही काढले.

शेवट प्रेक्षकाला आधी कळला की ताण जातो, अशी शंका मागच्या वेळी आली होती. ‘रात्रीस खेळ चाले’ आठवा. आकेरीत चित्रित झालेली ही मालिका 2016 मध्ये अण्णांच्या मृत्यूपासून सुरू झाली, आणि 2019 चा दुसरा भाग मागे गेला. अण्णांचं काय होणार हे माहीत असूनही लोकांनी अण्णा-शेवंता रोज पाहिलं. ‘कोण मरतं’ याचं उत्तर हाती होतं, ‘हे इथवर आलं कसं’ याचं नव्हतं. म्हणून आपल्याकडे नवव्याच्या सुरुवातीलाच नव्या सातबाऱ्याचा उतारा दाखवायचा की काय, यावर विचार चालू आहे. उताऱ्यावर नावं तीन असतील की चार, ते मात्र झाकून.

दहाव्यासाठी दोन वाटा शिल्लक आहेत. पहिली: चौदाव्या दिवशी काकी हरकत घेते. ती हितसंबंधित आहे, तिला अधिकार आहे, पण तिच्या चिठ्ठीची तिसरी ओळ अजून कोरी आहे. हरकत न घेतल्याने तिचं नेमकं काय जातं? ‘मुलीचं माहेर तुटेल’ हे मृणालचं नुकसान झालं, काकीचं नाही. गौरीच्या दिवसांत घरात दुसरं बाईमाणूस नसेल, हे उत्तर जवळ येतंय, पण आई आहेच घरात. दुसरी वाट: कोणीच हरकत घेत नाही, नाव जातं, आणि दिगंबर सतीशकडे लेखी कराराऐवजी फक्त मात्रेचा कागद मागतो, झाडामागे 24 मिली, मृणालच्या अक्षरात. ही वाट जास्त आवडते आहे, पण त्यात सतीशला सही करायला काय भाग पाडतं हे सापडलेलं नाही.

पुढच्या वाचनाला काकीसाठी देवगड-मालवणकडची मालवणी सहज बोलणारं कोणी हवंय. रत्नागिरीकडचा हेल चालणार नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर पत्र्याच्या शेडमध्ये बसू नका. सर आली की अर्धे संवाद जातात. कौलारू ओटी बरी, आणि पंखा बंद. एपिसोडची लांबी पानांवरून मोजू नका, घड्याळ लावून वाचा: मालवणी संवाद कागदावर दिसतात त्याहून लवकर संपतात, आणि नवव्यातली शांतता वाचणाऱ्याने न मोजता सोडून दिली तर एपिसोड दोन-तीन मिनिटांनी आखूड निघतो.