उलटी पोटाची की मेंदूची?

मी पचनसंस्थेच्या कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायल्समध्ये कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, म्हणजे अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, मोठं आतडं, गुदाशय हे सगळं, आणि दिवसाचा बराच वेळ फॉर्म भरण्यात जातो. त्या फॉर्मवर सारखा सारखा येणारा त्रास म्हणजे मळमळ आणि उलटी. आधी ग्रेड लिहायची, काही न करता थांबली तर एक, सलाइन लावायला यावं लागलं तर दोन, ॲडमिट करावं लागलं तर तीन. मग पुढचा रकाना, औषधाशी संबंध आहे का? केमो चालू असलेल्या माणसाला उलटी झाली की "आहे" वर टिक पडते आणि बहुतेक वेळा ती बरोबरच असते. मला लिहायचंय ते त्या थोड्या वेळांबद्दल जेव्हा ती टिक चुकीची असते, कारण पोटाच्या पेशंटची उलटी म्हटलं की सगळे पोटाकडे बघतात आणि मेंदूकडे बघायला उशीर होतो.

आधी केमोची उलटी कशी होते ते बघू. आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी असतात ज्यांच्यात सेरोटोनिन भरलेलं असतं, शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नाही तर आतड्यातच असतं. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध गेलं की या पेशी दुखावतात, सेरोटोनिन बाहेर सुटतं, शेजारीच व्हेगस नावाच्या नसेची टोकं असतात ती चेततात आणि निरोप सरळ वर मेंदूच्या देठात जातो. देठाच्या सगळ्यात खालच्या भागात, चौथ्या व्हेंट्रिकलच्या (म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांपैकी सगळ्यात खालच्या पोकळीच्या) तळाशी, एक छोटासा पट्टा आहे, एरिया पोस्ट्रीमा. हे नाव स्वीडनच्या रेट्झियसने १८९६ साली दिलं. मेंदूत जवळजवळ सगळीकडे रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात त्यामुळे रक्तातलं काहीही सहज आत शिरत नाही, पण इथे त्या मुद्दाम सैल आहेत, कारण रक्तात विष आलंय का हे तपासणं हेच या जागेचं काम. बोरिसन आणि वांग या दोघांनी १९५० च्या आसपास प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की रक्तातल्या विषामुळे होणाऱ्या उलटीचं बटण इथे आहे. ऑन्डॅनसेट्रॉन हे उलटीवरचं औषध सेरोटोनिनचा हा निरोप अडवतं, अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये मान्यता मिळाली, आणि पुढे २००३ मध्ये ॲप्रेपिटंट आलं जे मेंदूतला दुसरा एक रस्ता अडवतं. ही औषधं नसती तर आजचे कितीतरी केमोचे कोर्स लोकांनी अर्ध्यात सोडले असते, हे मी अगदी मनापासून म्हणतेय.

म्हणजे पोटाची म्हणून आपण जी उलटी म्हणतो तीसुद्धा शेवटी मेंदूच्या देठातूनच घडते. आणि आता विचार करा, त्याच जागेच्या अगदी मागे लहान मेंदू आहे, आणि पोटाच्या कॅन्सरची गाठ मेंदूत गेली तर तिला जायला आवडणारी जागा नेमकी तीच.

आतड्यातलं रक्त आधी पोर्टल व्हेनने लिव्हरमध्ये जातं, तिथून हृदय, मग फुप्फुस, आणि मग धमन्यांमधून सगळीकडे. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी आधी लिव्हरमध्ये दिसतात. गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त मात्र लिव्हरला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत जातं म्हणून तिथे कधीकधी फुप्फुसात आधी दिसतात. मेंदूपर्यंत पोचणाऱ्या कमीच, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण १ ते ४ टक्के, जठराच्या कॅन्सरमध्ये १ टक्क्याहूनही कमी. पण पोचल्या की कुठे पोचतात? १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये डेलात्र, पोझनर आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर मेंदूतल्या गाठींच्या जागा तपासल्या, आणि ज्यांना मेंदूत एकच गाठ होती अशांपैकी पोटाच्या आणि ओटीपोटाच्या कॅन्सरवाल्यांमध्ये ती निम्म्या वेळा मागच्या कप्प्यात म्हणजे लहान मेंदूच्या बाजूला होती, बाकी कॅन्सरमध्ये मात्र फक्त १० टक्के वेळा. लहान मेंदू आकाराने सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे निम्मं हे प्रमाण किती मोठं झालं बघा.

असं का? १९४० मध्ये बॅटसनने मणक्याभोवतीच्या शिरांचं एक जाळं दाखवलं होतं ज्यात झडपा नसतात, त्यामुळे खोकल्यावर किंवा जोर लावल्यावर ओटीपोटातलं रक्त त्यातून उलटं वर कवटीपर्यंत जाऊ शकतं. उत्तर छान वाटतं, मलाही पहिल्यांदा वाचल्यावर पटकन पटलं होतं, पण डेलात्र वगैरेंनीच म्हटलं की तसं असेल तर या लोकांच्या मणक्यात आणि कवटीतही जास्त गाठी दिसायला हव्यात, आणि तशा दिसल्या नाहीत. दुसरा विचार पॅजेट या इंग्रज सर्जनचा, १८८९ चा, की बी कुठेही पडलं तरी रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. मला वाटतं खरं उत्तर याच बाजूला कुठेतरी सापडेल, म्हणजे लहान मेंदूच्या मातीत आतड्याच्या पेशींना मानवणारं काय आहे हे शोधायला हवं.

मागचा कप्पा म्हणजे झाकण लावलेला छोटा डबा, वर कडक पडदा, बाकी सगळीकडून हाड. त्यात गाठ आणि भोवतालची सूज वाढली की पुढचं चौथं व्हेंट्रिकल दाबलं जातं, मेंदूतलं पाणी खाली उतरायची वाट अडते, वरच्या पोकळ्या फुगतात. मोठ्या मेंदूत पुढच्या भागात असलेली गाठ बराच काळ गप्प बसू शकते, इथे तेवढी उसंत मिळत नाही. डोकेदुखी, उलटी, चालताना तोल जाणं, आणि मग झोपाळू होत जाणं, ही इमर्जन्सी आहे.

आता खरी अडचण. केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात, पुढचे दोन-तीन दिवसही गोळ्या देतात. हेच डेक्सामेथासोन मेंदूतल्या गाठीची सूज उतरवायला १९६१ पासून वापरलं जातंय! म्हणजे लहान मेंदूत गाठ असलेल्या माणसाला केमोनंतरचे तीन-चार दिवस बरं वाटू शकतं, गोळ्या संपल्या की पुन्हा उलट्या सुरू. फॉर्मवर मात्र केमोची आणि गाठीची, दोन्ही "केमोची उलटी" म्हणूनच जातात. पण नुसत्या केमोच्या उलटीचा जोर पहिल्या चार-पाच दिवसांत असतो, दोन आठवड्यांनी, केमोच्या पुढच्या सायकलच्या म्हणजे फेरीच्या तोंडावर, सकाळी उठल्या उठल्या, फारशी मळमळ नसताना भडकन उलटी होत असेल तर ती वेगळी वागतेय हे तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दिसतं. आतडं अडकलं असेल तर पोट फुगतं, कळा येतात, वारा सरत नाही, त्याचं चित्र आणखी वेगळं.

तोल जाण्याचंही तसंच. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध हातापायांच्या नसांना बाधतं, तळवे बधिर होतात, जमीन नीट कळत नाही आणि माणूस डगमगतो, त्यामुळे तोल जातोय म्हटलं की सगळे ऑक्झॅलिप्लॅटिनच म्हणतात. पण मी आमच्या न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांना तपासताना बघितलंय, पाच मिनिटांचं काम आहे. पाय जुळवून उभं करायचं, आधी डोळे उघडे मग बंद. नसांचा त्रास असेल तर डोळे उघडे असताना जमतं आणि मिटले की झुकतो, लहान मेंदूचा असेल तर डोळे उघडे असतानाच पाय फाकवावे लागतात. मग बोट स्वतःच्या नाकाला लावून डॉक्टरांच्या बोटाला लावायचं, लहान मेंदू बिघडलेला हात बोटाजवळ पोचता पोचता जास्त थरथरतो आणि पुढे निघून जातो, तेही फक्त एकाच बाजूचा, ज्या बाजूला गाठ त्याच बाजूचा. बधिर तळवे सहसा दोन्ही बाजूंना सारखे असतात, एकच हात चुकतोय म्हटलं की तिथे थांबायला हवं. आणि शंका आली तर कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय, सीटीवर मागच्या कप्प्यात जाड हाडांमुळे रेघा पडतात आणि छोटी गाठ निसटू शकते.

अजून एक गोष्ट जी गाठ नाही पण तितकीच महत्त्वाची. १८८१ मध्ये वेर्निके या जर्मन डॉक्टरने ज्या तीन पेशंटचं वर्णन केलं त्यातली एक तरुण शिवणकाम करणारी बाई होती, तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं, जठराचं आतड्याकडचं तोंड आकसलं, उलट्या थांबेनात, आणि मग डोळ्यांची हालचाल, चाल, भान सगळं बिघडलं. कारण बी-१ म्हणजे थायमिनची कमतरता, हे कळायला पुढे खूप काळ गेला. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवडे पुरतो एवढाच. जठराचा कॅन्सर, किंवा जठर काढलेलं, आठवडेच्या आठवडे नीट जेवण नाही, वरून उलट्या, या माणसाच्या मेंदूत मॅमिलरी बॉडीज आणि थॅलॅमसच्या आतल्या बाजूला, म्हणजे मेंदूच्या खोल भागात, इजा होते. म्हणजे इथे उलटी मेंदूमुळे होत नाही, उलटीमुळे मेंदू बिघडतो. आणि नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर ते वाढू शकतं, म्हणून थायमिन आधी किंवा सोबत. इतकं स्वस्त, इतकं साधं व्हिटॅमिन, आणि वेळेत दिलं तर माणूस सावरतो, उशीर झाला तर आठवण कायमची जाते.

आता ट्रायल्सबद्दल, कारण माझा रोजचा संबंध तिथे. मेंदूत गाठ असलेले पेशंट घ्यायचे नाहीत, ही अट कितीतरी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी नियमांमध्ये असते. कारणं समजण्यासारखी आहेत, औषध मेंदूत पोचेल की नाही माहीत नसतं, आयुष्य कमी असतं, स्टेरॉइड चालू असतात. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये लक्षणं नसतील तर मेंदूचा स्कॅन करतच नाहीत, म्हणजे सुरुवातीला बघायचं नाही, सापडला तर घ्यायचं नाही, आणि शेवटी म्हणायचं की या कॅन्सरमध्ये मेंदूच्या गाठींवर पुरावा नाही. सगळ्यांचे स्कॅन करा असं मी म्हणत नाहीये, ४ टक्क्यांसाठी ते परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. पण २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःच सांगितलं की उपचार होऊन स्थिर झालेल्या मेंदूच्या गाठी असतील तर पेशंटला सरसकट वगळू नका, तरीही जुनी ओळ कॉपी होऊन नव्या प्रोटोकॉलमध्ये येते याचा मला राग येतो. आता औषधं चांगली झालीत, लोक जास्त जगतात, म्हणजे मेंदूपर्यंत पोचायला आजाराला वेळही जास्त मिळतो.

आणि करण्यासारखं काहीच नसतं असंही नाही ना! १९९० मध्ये पॅचेल या डॉक्टरांच्या ४८ पेशंटच्या छोट्या ट्रायलमध्ये एकच गाठ काढून मग रेडिएशन दिलेले लोक मध्यक (मीडियन) ४० आठवडे जगले, नुसतं रेडिएशनवाले १५. २०२० मध्ये ५१८ पेशंटच्या ट्रायलने दाखवलं की पूर्ण मेंदूला रेडिएशन देताना हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, तेवढा वाचवला तर विचारशक्ती आणि आठवण जास्त टिकते. मेंदूची रचना बघून किरणांची आखणी बदलली आणि माणसाला घरच्यांशी झालेलं बोलणं लक्षात राहायला लागलं, मला हे फार मोठं वाटतं.

पुढच्या प्रोटोकॉलच्या मीटिंगमध्ये मी एवढंच मागणार आहे की उलटीच्या रकान्याशेजारी दोन रकाने वाढवा, डेक्सामेथासोनची शेवटची गोळी कधी घेतली आणि चालताना तोल जातो का. आणि तुमच्या घरात कुणाची केमो चालू असेल तर उलटीची तारीख, वेळ, त्या दिवशी कुठल्या गोळ्या चालू होत्या हे एका वहीत लिहून ठेवा, तोल जातोय किंवा एकच हात नीट चालत नाहीये असं दिसलं तर पुढच्या सायकलची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, आणि आठवडाभराहून जास्त नीट जेवण झालं नसेल तर थायमिन दिलंय का हे स्वतःहून विचारा.