गॅस उतरला, माणसं नाही

"तुमचं बरं होतं हो, बोटीवर कसला आलाय कोरोना!"

आज रत्नागिरीत बारशाच्या पंगतीत कुणीतरी आमच्या मामेभावाला म्हणालं. तो गॅस वाहून नेणाऱ्या जहाजावर सेकंड इंजिनियर आहे.

त्याने आमटीभात कालवता कालवता उत्तर दिलं, "मोबाईलला रेंज यायची. किनाऱ्यावरच्या बिल्डिंगींतले दिवे दिसायचे. पण गँगवेवरून, म्हणजे बोटीच्या शिडीवरून, खाली पाय टाकायची परवानगी नाही. टाक्यांतला गॅस उतरवून घ्यायचे, आम्हाला नाही."

पुढच्या मिनिटाला विषय जिलेबीवर गेला. माझ्या डोक्यातून ते वाक्य काही जाईना.

२०२० च्या अखेरीस जगभरात असे सुमारे ४ लाख लोक करार संपूनही जहाजांवर अडकलेले होते. नियमाने १२ महिन्यांच्या आत माणूस घरी सोडावा लागतो, कित्येकांचं त्याहून जास्त झालं. बदलीचा माणूस घरी बॅग भरून तयार; पण विमान नाही, व्हिसा नाही, आणि क्वारंटाइनचे नियम दर बंदराला निराळे. खलाशांना अत्यावश्यक कामगार माना, हा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत झाला १ डिसेंबरला. थाळ्या वाजवून आपण मार्चमध्येच मोकळे झालो होतो!

आणि देशाला लागणारा निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो. लॉकडाऊनमध्ये आपले केक नि पाणीपुऱ्या त्यावरच चालल्या होत्या की.

तुमच्या घरातलं, वाडीतलं कुणी तेव्हा बोटीवर होतं का? कसे परत आले ते?