गोळीआधी फिजिओथेरपी

सीताबर्डीत कुठल्या दुकानात बाथरूम आहे, हे मला तोंडपाठ झालं होतं. घरी परतल्यावर कुलपात किल्ली घातली की तर लघवी धरवतच नसे. डॉक्टरबाईंनी लघवीची तपासणी, साखर, सोनोग्राफी सगळं करून घेतलं. इन्फेक्शन नाही, लघवी आत उरतही नाही. म्हणजे ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर, मूत्राशय भरायच्या आधीच आवळतं आणि अचानक घाई लागते. गोळ्या आहेत, पण त्यांनी तोंड कोरडं पडू शकतं, बद्धकोष्ठ होऊ शकतो, म्हणून आधी फिजिओथेरपी करा म्हणाल्या. नागपूरच्या मे महिन्यात आणखी तोंड कोरडं? मला लगेच पटलं.

आधी तीन दिवस वही लिहायची: काय प्यायले, कधी गेले, मापून किती झाली. बाथरूममधला मापाचा मग बघून सासूबाई म्हणाल्या, "हे काहून ठेवलं वो इथं?" वहीत दिसलं की चहानंतर फेऱ्या वाढतात, आणि निम्म्या फेऱ्या 'निघण्याआधी जाऊन येते' अशा, गरज नसतानाच्या. फिजिओथेरपिस्ट ताईंनी नेमकं तेच पकडलं. मग घड्याळ लावून जायचं आणि दर आठवड्याला मधली वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायची, तीन-चार तासांपर्यंत.

खरी कसोटी घाई लागली त्या क्षणाची. पळायचं नाही! जागीच थांबायचं, जमलं तर बसायचं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडायचे, आणि कळ ओसरली की शांतपणे चालत जायचं. मेट्रोच्या फलाटावर पहिल्यांदा ती खरंच ओसरली, तेव्हा माझाच विश्वास बसेना. हे स्नायू म्हणजे पोटातला वारा अडवताना आवळतो ते. पोट किंवा ढुंगण आवळलं, श्वास रोखला, तर व्यायाम फुकट. म्हणून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावं. दहा सेकंदांपर्यंत आवळून धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

चहा कमी केला, पाणी नाही. उन्हाळ्यात पाणी तोडलं तर लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला आणखी टोचते. फक्त झोपण्याआधीचे दोन तास पिणं जपून.

पहिल्या महिन्यात फारसं काही जाणवलं नाही, फरक नंतर पडत गेला. एवढ्यानं भागलं नाही तर घोट्याजवळ बारीक सुई लावून हलका विद्युतप्रवाह देतात, आठवड्यातून अर्धा तास, बारा आठवडे. मला तिथवर जावं लागलं नाही. रात्री अजून एकदा उठते, पण त्याला माझी ना नाही.